गॅलन, कप, लिटर : रूपांतराचा प्रश्न कुठवर आला?

एक अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५४११७८४ लिटर. दशांशचिन्हापुढचे हे नऊ आकडे कोणी प्रयोगशाळेत मोजून काढलेले नाहीत. ते व्याख्येतूनच येतात आणि तिथेच संपतात, दहावा आकडा नाही. त्या अर्थाने अमेरिकेची रूढ मापे आणि मेट्रिक मापे यांच्यातला हिशेब १९६४ सालीच पुरा झाला. तरीही पाककृती लिहिणारे, बालरोगतज्ज्ञ, इंधनाचे व्यापारी आणि धरणांचा पाणीसाठा मोजणारे अभियंते आजही या प्रश्नापाशी अडतात. गुणक सगळ्यांना मान्य आहे. मतभेद आहेत ते इतर बाबतींत : गॅलन कोणता, कप कोणता, आकडा किती पूर्ण करायचा, आणि काही ठिकाणी तर आकारमान मोजायचे की सरळ वजन करायचे. या मतभेदांची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी : एका गॅलनचे दोन वारस

अमेरिकन गॅलन मूळचा इंग्लंडचा. राणी ॲनच्या काळात, १७०७ साली, वाइनवरच्या करासाठी २३१ घन इंचांचा गॅलन कायद्याने ठरवला गेला. धान्यासाठी वेगळे माप होते, ते विंचेस्टर बुशेल, २१५०.४२ घन इंचांचे. अमेरिकेतल्या वसाहतींत ही दोन्ही मापे चालत होती आणि स्वातंत्र्यानंतरही ती तशीच राहिली. फर्डिनांड हॅसलर या स्विस वंशाच्या भूमापनतज्ज्ञाच्या शिफारशीवरून अमेरिकेच्या अर्थखात्याने १८३२ साली जकातनाक्यांसाठी हेच गॅलन आणि बुशेल पक्के केले.

पण त्याआधीच इंग्लंडने वाट बदलली होती. १८२४ च्या कायद्याने तिथले जुने गॅलन मोडीत निघाले आणि ६२ अंश फॅरनहाइटच्या दहा पौंड पाण्याला जेवढी जागा लागते तेवढा ‘इम्पीरियल’ गॅलन आला. तो आज ४.५४६०९ लिटरचा आहे, म्हणजे अमेरिकन गॅलनपेक्षा सुमारे वीस टक्के मोठा. गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. अमेरिकन पाइंटमध्ये १६ औंस असतात, इम्पीरियल पाइंटमध्ये २०. त्यामुळे गॅलन लहान असूनही अमेरिकन द्रव औंस (२९.५७ मिली) इम्पीरियल औंसापेक्षा (२८.४१ मिली) किंचित मोठाच भरतो. ब्रिटिश अमलाखालच्या देशांत, अर्थात भारतातही, इम्पीरियल गॅलन चालला. आपल्याकडच्या जुन्या मोटारींच्या कागदपत्रांत गॅलनमागे मैल दिसले तर ते याच गॅलनचे असतात. ३० मैलांचा आकडा अमेरिकन गॅलनचा असेल तर लिटरमागे पावणेतेरा किलोमीटर होतात, इम्पीरियलचा असेल तर साडेदहाच्या थोडे वर.

मेट्रिक बाजूलाही सगळे पहिल्यापासून स्थिर होते असे नाही. फ्रेंच क्रांतीनंतर १७९५ च्या कायद्याने आलेला लिटर म्हणजे एक घन डेसीमीटर. १९०१ साली व्याख्या बदलून तो एक किलोग्रॅम पाण्याचे आकारमान ठरला आणि त्यामुळे घन डेसीमीटरपेक्षा दशलक्षात २८ भागांनी मोठा झाला. १९६४ मध्ये ही व्याख्या रद्द होऊन लिटर पुन्हा घन डेसीमीटरवर आला. अमेरिकेची मापे तर १८९३ पासूनच, तिथल्या वजन-मापांचे तत्कालीन अधीक्षक मेंडेनहॉल यांच्या आदेशाने, मीटर आणि किलोग्रॅमला बांधलेली आहेत. १९५९ मध्ये सहा इंग्रजीभाषक देशांनी इंच नेमका २.५४ सेंटिमीटरचा ठरवला. २.५४ चा घन १६.३८७०६४, त्याला २३१ ने गुणले की ३७८५.४११७८४ घन सेंटिमीटर. लेखाच्या पहिल्या वाक्यातला आकडा येतो तो असा. जुन्या अमेरिकन कोष्टकांत ३.७८५३३ असा आकडा सापडतो, तो छपाईचा दोष नव्हे. तो त्या काळच्या इंचाचा आणि त्या काळच्या लिटरचा आहे.

अमेरिकेने मेट्रिक मापे नाकारली, हा समज अर्धाच खरा. १८६६ च्या कायद्याने ती तिथे वैध झाली आणि १८७५ च्या मीटर करारावर अमेरिकेने पहिल्याच खेपेला सही केली. १९७५ च्या मेट्रिक रूपांतर कायद्याने स्वेच्छेने बदल घडवण्यासाठी मंडळही नेमले, पण १९८२ मध्ये रेगन सरकारने ते गुंडाळले. १९८८ मध्ये संसदेने मेट्रिक पद्धतीला व्यापारासाठी ‘पसंतीची’ ठरवले आणि १९९२ च्या दुरुस्तीनंतर बहुतेक घरगुती वस्तूंच्या वेष्टनांवर दोन्ही मापे छापणे बंधनकारक झाले. आज तिथे शीतपेय दोन लिटरच्या बाटलीत मिळते, वाइन ७५० मिलीत, आणि दूध मात्र गॅलनमध्ये. रूपांतराचा प्रश्न जिवंत राहतो तो या सहवासामुळे. भारताने १९५६ च्या कायद्यानंतर काही वर्षांतच व्यवहार एका पद्धतीवर आणला, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न रोजचा उरला नाही. पुरता गेला असेही नाही. त्याकडे पुढे येऊ.

तीन भूमिका

पहिली भूमिका नेमकेपणाची. व्याख्या नेमकी आहे, तर रूपांतरही नेमके असावे : कप २३६.५८८ मिली, टेबलस्पून १४.७८७, टीस्पून ४.९२९. व्यापारी करार, जकात, प्रयोगशाळा या ठिकाणी हीच भूमिका चालते आणि चालायला हवी. कच्च्या तेलाचे पिंप ४२ गॅलनचे, म्हणजे १५८.९८७ लिटरचे. लाखो पिंपांच्या सौद्यात ते १५९ धरले तर फरक कोणाच्या तरी खिशातून जातो.

दुसरी भूमिका सोयीच्या आकड्यांची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने पोषणमूल्यांच्या लेबलांसाठी कप २४० मिली, टेबलस्पून १५, टीस्पून ५ आणि द्रव औंस ३० मिली असे ठरवून टाकले आहे. हे आकडे खऱ्यापेक्षा दीड टक्क्याच्या आसपास मोठे आहेत. पण त्यांच्यातली आपसातली नाती अभंग आहेत, आणि हा या बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा आहे : तीन टीस्पूनचा एक टेबलस्पून, सोळा टेबलस्पूनचा एक कप, हे १५ आणि २४० मध्ये तंतोतंत बसते. पाककृतीतला प्रत्येक जिन्नस याच आकड्यांनी बदलला तर सगळे मिश्रण दीड टक्क्याने वाढते, प्रमाण मात्र हलत नाही. याउलट ऑस्ट्रेलियाप्रमाणे कप २५० मिलीचा धरला आणि टेबलस्पून मात्र १५ चाच ठेवला, तर कपाने मोजलेले जिन्नस आणि चमच्याने मोजलेले जिन्नस यांचे नाते बिघडते. ऑस्ट्रेलियाचा टेबलस्पून २० मिलीचा असतो, ही आणखी एक गाठ.

तिसरी भूमिका सांगते की आकारमानाचे रूपांतर करतच बसू नका, वजन करा. ही भूमिका मुख्यतः बेकिंग करणाऱ्यांची, पण औषधे आणि विमानवाहतूक या क्षेत्रांतही तिची रूपे दिसतात. विमानाला किती लिटर इंधन हवे यापेक्षा किती किलो हवे हे महत्त्वाचे, कारण इंजिनाला मिळणारी ऊर्जा इंधनाच्या वस्तुमानावर ठरते.

या तिन्हींखेरीज एक शांत मतप्रवाहही आहे : रूपांतर कशाला, त्या मापांचे कप-चमचेच आणा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी घरांनी हेच केले आहे आणि एका पाककृतीपुरते ते निर्दोष चालते.

स्वयंपाकघर : मैद्याचा कप

वाद सर्वांत रंगतो तो इथे, म्हणून इथे थोडे थांबायला हवे.

फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या बोस्टन कुकिंग स्कूलच्या पुस्तकाने अमेरिकन स्वयंपाकघरात सपाट मापाचा आग्रह रुजवला. त्याआधी कप आणि चमचा म्हणजे घरात असेल तो, आणि भरायचा तोही अंदाजाने. फार्मर यांनी शीग काढून टाकली. धान्य मापाने घेणाऱ्या आपल्या लोकांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पायली सपाट की शिगेची, यावर बाजारात किती बोलाचाली होत!

पण शीग काढली तरी कपाच्या आत काय घडते हे शिल्लक राहते. २३६.६ मिलीच्या कपात पाणी सुमारे २३६ ग्रॅमच मावणार, दाणेदार साखर दोनशेच्या आसपास, रवा सुमारे १६७. यांत फार चढउतार होत नाही. मैद्याचे तसे नाही. किंग आर्थर ही अमेरिकेतली जुनी पीठकंपनी मैद्याचा कप १२० ग्रॅम धरते, अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कोष्टकात तो १२५ आहे, आणि कुक्स इलस्ट्रेटेड हे नियतकालिक पाच औंस म्हणजे १४२ ग्रॅम धरते. तिघांचे आकडे त्यांच्या त्यांच्या पद्धतीत बरोबर आहेत. चमच्याने पीठ हलकेच कपात सोडून वरून सुरी फिरवली तर पहिला आकडा येतो. कप थेट डब्यात बुडवून भरला तर शेवटच्याच्या जवळ जाणारा. टोकांमधला फरक अठरा टक्क्यांचा, आणि तोही मापाचा कप तंतोतंत असताना. अशा ठिकाणी २३६.५८८ की २४० हा वाद फार दूरचा ठरतो, कारण त्याचा फरक दीड टक्क्याचा आहे. बेसन, ज्वारीचे पीठ, पिठीसाखर, किसलेले खोबरे, या सगळ्यांना हेच लागू पडते. दाबून भरले की वजन वाढते.

वजनवाद्यांचा हा मुद्दा मला निर्णायक वाटतो, पण पिठांपुरता आणि भुकटीपुरता. पाणी, दूध, तेल, पाक यांना आकारमान उत्तम चालते. पाव टीस्पून बेकिंग सोडा तोलायला बसलात तर घरच्या एक ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या काट्यापेक्षा चमचाच जास्त भरवशाचा. कपाच्या बाजूने बोलणाऱ्यांचेही ऐकण्यासारखे आहे : कप प्रत्येक घरात असतो, त्याला सेल लागत नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाककृती त्याच भाषेत लिहिल्या गेल्या आहेत. आपल्याकडची वाटीही याच कारणाने टिकून आहे. एकाच वाटीने सगळे मोजले तर वाटी केवढी हे विचारावे लागत नाही. गाडी अडते ती वाटीच्या पाककृतीत मधेच ‘४०० ग्रॅमचा डबा’ येतो तेव्हा.

स्वयंपाकघरातला एक सापळा मात्र फारसा चर्चेत येत नाही. विजेच्या राइस कुकरबरोबर येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा असतो. तो जपानी ‘गो’ या तांदळाच्या मापावरून आला आहे आणि कुकरच्या भांड्यावरच्या पाण्याच्या रेषा त्याच मापाच्या असतात. अमेरिकेतल्या घरात तांदूळ २४० च्या कपाने घातले आणि पाणी रेषेपर्यंत भरले, तर भात फडफडीत राहतो. दोष तांदळाचा नसतो.

औषध : चमचा हद्दपार

इथे मतैक्य सर्वाधिक आहे. टीस्पून पाच मिलीचा आणि टेबलस्पून पंधराचा; औषधाच्या चिठ्ठीवर त्यांची संक्षिप्त रूपे एका अक्षराच्या फरकाने लिहिली जातात. चूक झाली तर मुलाला तिप्पट डोस जातो किंवा एकतृतीयांश. शिवाय ‘एक चमचा’ ऐकल्यावर पालक ओट्यावरचा चमचा उचलतात आणि तो किती मिलीचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. डॉ. शोना यिन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टीस्पून-टेबलस्पूनमध्ये डोस मोजणाऱ्या पालकांकडून चूक होण्याची शक्यता फक्त मिलीलिटर वापरणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळली. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१५ मध्ये धोरणच जाहीर केले : मुलांची पातळ औषधे केवळ मिलीलिटरमध्ये लिहावीत आणि खुणा असलेल्या सिरिंजने द्यावीत.

म्हणजे या क्षेत्राने रूपांतराचा प्रश्न सोडवला तो रूपांतरच टाळून. उरले आहे ते सवयीचे काम. आपल्याकडे बाटलीवर मिली छापलेले असते, टोपणावर खुणा असतात, तरीही दवाखान्यात तोंडी सूचना ‘दोन वेळा एक-एक चमचा’ अशीच दिली जाते. ती बदलायला हवी, असे मला मनापासून वाटते. एक वाक्य बदलण्याचाच खर्च आहे.

इंधन : लिटरवरून किलोकडे

२३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे १४३ क्रमांकाचे बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघाले. कॅनडा तेव्हा मेट्रिककडे वळत होता आणि हे नवे विमान किलोग्रॅमच्या हिशेबाचे होते. इंधनाचे मापक बंद असल्याने टाकीत पट्टी घालून साठा मोजला गेला : ७,६८२ लिटर. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे किलो करण्याचा गुणक होता ०.८०३, वापरला गेला १.७७, जो लिटरचे पौंड करण्याचा होता. त्यामुळे टाकीतले ६,१६९ किलो इंधन कागदावर १३,५९७ झाले आणि सुमारे वीस हजार लिटर भरायचे तिथे ४,९१७ लिटर भरले गेले. ४१,००० फुटांवर इंधन संपले. कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन आणि सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांनी बंद इंजिनांचे विमान तरंगत नेऊन गिम्लीच्या जुन्या हवाईतळावर उतरवले आणि सगळे वाचले. आकारमान आणि वस्तुमान यांच्यामध्ये घनता असते, आणि गुणकाला एकक जोडून लिहिले नाही तर तो कोणत्याही हिशेबात निमूट बसतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

तापमानाचा मुद्दा याच घरातला. पेट्रोल एका अंश सेल्सिअसला हजारात जवळजवळ एका भागाने प्रसरण पावते. म्हणून अमेरिकेतला घाऊक तेलव्यापार ६० अंश फॅरनहाइटच्या गॅलनवर होतो, मेट्रिक जग १५ अंश सेल्सिअसचा लिटर धरते, आणि ही दोन तापमानेही अर्ध्या अंशाने वेगळी आहेत. किरकोळ पंपावर तापमानाची दुरुस्ती करावी का, यावर अमेरिकेत खटले झाले. कॅनडातल्या पंपांवर ती होते. कॅलिफोर्निया ऊर्जा आयोगाने २००९ साली अभ्यास करून खर्चाच्या मानाने ग्राहकाला लाभ नाही असा निष्कर्ष काढला. ग्राहकसंघटनांना तो पटला नाही.

पाणी : टीएमसी आणि दलघमी

आपल्या घरचा जिवंत प्रश्न हा. घनफूट हे अमेरिका आणि ब्रिटन दोघांच्या पद्धतीतले माप, आणि मेट्रिक स्वीकारून साठाहून अधिक वर्षे झाली तरी महाराष्ट्रातली धरणे टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत बोलली जातात. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दशलक्ष घनमीटर, वर्तमानपत्री भाषेत ‘दलघमी’. कोयनेचा साठा १०५ टीएमसी असे सातारा-सांगलीत लहान मूलही सांगते. जायकवाडीचा उपयुक्त साठा २,१७१ दलघमी हा आकडा मराठवाड्यात तितकाच रुळलेला आहे. दोन धरणांची तुलना करायची तर वाचकाला गुणाकार करावा लागतो : जायकवाडीचे ते पाणी साधारण ७६.७ टीएमसी.

घनफुटाच्या बाजूने एक भक्कम कारण आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाचा, म्हणजे बच्छावत लवादाचा, निवाडा टीएमसीत आहे. महाराष्ट्राच्या वाट्याचे ५६० टीएमसी ही कायदेशीर भाषा आहे. त्याचे १५,८५७ दलघमी करता येतात, पण तीन राज्ये ज्या आकड्यावर भांडली तो ५६० आहे. विसर्गही क्युसेकमध्येच, म्हणजे सेकंदाला किती घनफूट असा सांगितला जातो, आणि ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जाते, हा हिशेब नदीकाठच्या गावांना उपयोगी पडतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणेही रास्त आहे. पाऊस मिलीमीटरमध्ये, शेत हेक्टरमध्ये, घरचे पाणी लिटरमध्ये, मग धरणच तेवढे फुटांत का? एक हेक्टरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. हे गणित शेतकऱ्याला तोंडी करता येते, टीएमसीत शिरले की येत नाही. दोन्ही आकडे शेजारी छापणे हा मधला मार्ग काही वृत्तपत्रे पाळतात, सगळी नाहीत.

अमेरिकेत धरणांचे माप एकर-फूट, म्हणजे १,२३३.४८ घनमीटर. तिथेही एक बारीक घोळ होता : भूमापनाचा फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दशलक्षात दोन भागांचा फरक. २०२२ च्या अखेरीस भूमापनाचा फूट निवृत्त करण्यात आला. त्याआधीच्या नोंदी जुन्याच फुटात आहेत आणि त्या वापरताना कोणता फूट हे पाहावे लागते.

काय उरले आहे

कपाची व्याख्या देशांगणिक वेगळी आहे आणि ती एक व्हावी असा कोणताही प्रयत्न सध्या दृष्टिपथात नाही. अमेरिकेतच दोन कप आहेत, रूढ मापाचा २३६.६ मिलीचा आणि लेबलावरचा २४० चा. रूपांतर करून देणारी संगणकीय साधने बहुधा पहिला कप धरतात, वेष्टने दुसरा. जपानी पाककृतीतला कप २०० मिलीचा असतो. साधनाने कोणता कप धरला हे उत्तराशेजारी लिहावे, ही मागणी साधी आहे आणि अजून पुरी झालेली नाही.

पूर्णांकनाची मर्यादा कोण ठरवणार, हेही मोकळे आहे. पाव कपाचे ५९.१५ मिली असे उत्तर यंत्र देते, पण पाव कप मोजणाऱ्या हाताची अचूकता तेवढी नसते. ६० लिहावे असे बहुतेक संपादक मानतात. पण तेच संपादक यीस्टच्या बाबतीत आकडा पूर्ण करायला कचरतात, आणि त्यांचे कचरणे योग्यच आहे. जिन्नस पाहून मर्यादा ठरवणारा नियम अजून कोणी सर्वमान्य होईल असा मांडलेला नाही.

तिसरी गोष्ट भारतीय पाककृतींची. मैद्यासाठी अमेरिकेत निदान तीन प्रतिष्ठित आकडे आहेत. भाजणी, नाचणीचे पीठ, अनारशाचे पीठ, मोदकाची तांदूळपिठी यांच्या एका कपाचे वजन किती, आणि तो कप कसा भरायचा, याचे मोजून तयार केलेले कोष्टक मराठीत हवे आहे. पीठ किती जाड दळले, किती दमट आहे, चाळले की नाही, यांवर ते बदलेल. म्हणून ते एकाच स्वयंपाकघरात करून भागणार नाही. गृहविज्ञान महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना हे काम सहज जमेल. एक काटा, एक मोजपात्र आणि पिठांचे नमुने इतकेच लागते.